एक गोष्ट कमी

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी मला विचारलं, "कितवा मजला?" आणि बोट बटणांपाशी तरंगत ठेवून ते उत्तराची वाट बघत राहिले. आता या गृहस्थांच्या आणि आमच्या दारात दोन पायपुसणी मावतील एवढंच अंतर. त्यांच्या कुकरची शिट्टी आपली समजून मी कितीदा तरी गॅस बंद केलाय. त्यांच्या मुलीची परीक्षा आली की आमचा टीव्ही आपोआप हळू होतो. ते नेहमी जोडीनं शिंकतात, आणि एखाद दिवशी दुसरी शिंक अडकली तर दाराअलीकडे मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. "तुमचाच मजला," मी म्हटलं. "अरे वा," ते म्हणाले, "नवीन आलात वाटतं?" आणि मी हो म्हणाले.

हो का म्हणाले, ते मला दार उघडून आत आल्यावरही कळलं नाही. हातात पडद्याच्या कापडाचं बोचकं होतं, ते कॉटवर टाकलं आणि नुसतीच उभी राहिले. राग यायला हवा होता. निदान यांना सांगून हसायला तरी हवं होतं. पण झालं होतं ते वेगळंच. कापड कापून झाल्यावर लक्षात यावं की माप दुसऱ्याच खिडकीचं होतं, तसं काहीतरी. म्हणजे कात्री बरोबर चालली, रेघ सरळ आली, सगळं नीट झालं आणि सगळं फुकट गेलं. मी पडदे शिवते. कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर एक जुना पडदा उसवला, त्याच्या चुण्या कशा घातल्यात ते बघितलं आणि परत शिवला, तेवढंच माझं शिक्षण. तेव्हापासून निम्म्या शहराच्या खिडक्या मी आतून बघितल्यात. लोक मला घरात बोलावतात ते बाहेरच्यांना घरातलं दिसू नये म्हणून. कुणाला अस्तर जाड हवं असतं, कुणाला दुहेरी, एका बाईंना तर तिहेरी हवं होतं, आणि त्यांच्या खिडकीसमोर होती पाण्याची टाकी. मी हसले नाही. हसणार कोण? आमच्याच घराला सगळ्यात जाड अस्तर आहे.

ते अस्तर माहेरहून आलेलं. आईचं एक वाक्य होतं, ते ती मीठ घालावं तसं दर दिवसात घालायची: आपल्या घरातली वाटी बाहेर गेली तर चालेल, बाहेरची आत यायला नको. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा गेला. नवा दिवा घरात होता, पण तिथवर हात पोचेना आणि आमच्या घरात स्टूल नव्हतं. शेजारच्या काकूंकडे होतं, चांगलं उंच, आम्हाला खिडकीतून दिसायचं. वडील उंच, पण ते फिरतीवर होते. ते येईपर्यंत आई अंधारात स्वयंपाक करत राहिली, आणि आम्हाला सांगायची की अंधारात जेवलं की चव नीट कळते. आम्हाला ते खरं वाटायचं. अजूनही एखादा पदार्थ फार आवडला की माझे डोळे मिटतात. माझं सासर, माझा संसार, सगळं त्याच शिकवणीवर उभं. आमच्या घरात सगळं आहे. स्टूल तर दोन आहेत. कधी कुणाकडे साखर मागायला गेले नाही याचा मला एवढा अभिमान की तो मी जवळजवळ फ्रेम करून लावला होता. आणि त्याचं फळ काय, तर समोरचा माणूस मला मजला विचारतोय.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी म्हटलं, वन्संकडे जाऊन बघून येऊ या. यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्यामुळे कुठलंही वाक्य यांना एका वाचनात खरं वाटत नाही. यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, काही वर्षांपूर्वी खेड्याकडे राहायला गेल्या होत्या. गावाला लागून माळ होता, त्यावर काही कुटुंबांनी मिळून वस्ती उभी केली होती. तिथं एक घर बांधायला घेतलंय, तुम्ही दोघं या, असं त्या सारखं म्हणत होत्या. निवृत्त झाल्यापासून हे तिकडच्या तळ्याविषयी जेवताना बोलायचे, आंघोळीला जाताना बोलायचे, आणि मी प्रत्येक वेळी विषय इस्त्रीकडे वळवायची. "काय झालं?" यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, लिफ्टमध्ये एक जण भेटले. यांनी पुढं विचारलं नाही. लगेच उठून पिशवी भरायला घेतली, माझं मन पालटायच्या आत.

बस फाट्यावर सोडते. तिथून चालत गेलं की आधी तळं दिसतं, मग घरं. वन्सं घ्यायला आल्या होत्या, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. शहरात असताना या बाई इस्त्रीच्या साडीशिवाय दूधसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं की तळं आधी नव्हतंच. घरांच्या विटा इथल्याच मातीच्या, दाबून केलेल्या, भट्टीत न भाजलेल्या. माती काढली तिथं खड्डा झाला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. जसजशी घरं वाढली तसतसं तळं वाढलं. "तुमचं घर झालं की पलीकडच्या काठाला अजून थोडं वाढेल," वन्सं म्हणाल्या, आणि हे एवढे खूश झाले की तळ्याला वाकून नमस्कार करतात की काय असं मला वाटलं. सांडपाणी लव्हाळ्याच्या पाटातून निथळून भाजीच्या वाफ्यांना जात होतं. एक मोठं धुण्याचं घर होतं, एक अवजारांची खोली, एक सभागृह, त्याच्या छपरावर उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्या. सगळं नेटकं, पण देखणं म्हणवणार नाही असं. एखाद्या बाईनं घाईत वेणी घालावी तसं. मी सवयीनं खिडक्या बघत चालले. एकाही खिडकीला पडदा नव्हता. एक तर धंदा बसला, आणि दुसरं म्हणजे लोक आतून हात हलवत होते.

आणि मग तो नियम. वन्संनी तो चहा गाळता गाळता सांगितला, पाण्याची वेळ सांगावी तसा. इथल्या प्रत्येक घरात एक गोष्ट मुद्दाम कमी असते. पहिल्यांदा घरं बांधली तेव्हा सामान पुरलं नव्हतं. कुणाची चूल राहिली, कुणाचं न्हाणीघर, कुणाच्या पायऱ्या. पुढं बघू म्हणून सगळे राहायला आले. पुढं एकानं आपलं घर पुरं करून घेतलं, आणि तो माणूस दिसेनासाच झाला. आजारी आहे की काय म्हणून लोक बघायला गेले तर आत मजेत होता. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं की पुरं घर बांधायचंच नाही. एक गोष्ट वगळायची, ती कुठली ते राहणाऱ्यानं ठरवायचं, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडची वापरायची, कायमची. म्हणून तिथं माणसांची नावंसुद्धा तशीच पडलेली. चूल नसलेले ते बिनचुले. एका मास्तरांच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, त्यांची पुस्तकं वस्तीभर पांगलेली, ते बिनकपाटे. परवा त्यांना एक ओळ आठवेना तर चार घरं हिंडून आले. वन्संच्या घरात घड्याळ होतं, आरसा होता, पण जेवायचं टेबल नव्हतं. आम्ही चहा घेऊन शेजारी गेलो. शेजारचे घरात नव्हते. वन्संनी त्यांचं टेबल पुसलं, आपल्या घरचं असावं तसं, आणि म्हणाल्या, "बस गं, उभी काय?" मी खुर्चीच्या कडेवर बसले. कुठल्याही क्षणी मालक येऊन कितवा मजला म्हणतील असं वाटत होतं.

आमचं घर खिडक्यांपर्यंत चढलं होतं. सुतार तिथंच फळ्या रंधत बसला होता, अंगावर सगळा भुसा, जणू तोच कुठल्यातरी लाकडातून आत्ता निघालाय. त्यानं मान वर न करता विचारलं, "मग वहिनी, काय वगळू?" यांनी लगेच माझ्याकडे हात केला, लग्नात पुढारी जसे हार दुसऱ्याच्या गळ्यात घालतात तसा. मी तयारीत होते. रस्ताभर मी विचार केला होता की अशी कुठली गोष्ट आहे जी नसली तरी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. "माळा," मी म्हटलं. सुतार हसला. वन्संही हसल्या. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा माळाच म्हणतो म्हणे. माळा नसणं ही काही उणीव नाही, ती सोय आहे. मग वन्संनी राहिलेला अर्धा नियम सांगितला. वगळायची गोष्ट ठरली की ज्याच्याकडे ती आहे त्याच्या दारात जाऊन ती तोंडानं मागायची. चिठ्ठी चालत नाही, मध्यस्थ चालत नाही. आणि मागायला जायचं ते घरातलं ज्याला मागणं जास्त जड जातं त्यानं. यावर वन्संनी, यांनी आणि ज्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होते त्या सुतारानंसुद्धा माझ्याकडे बघितलं. भिंत पुढं चढवायच्या आत सांगा, नाहीतर एक नर्सबाई आणि त्यांचे सासरे थांबलेत, त्यांना देऊ, असं तो म्हणाला, अगदी गोडीनं. यांचा चेहरा मी बघितला. बघायला नको होता. यांना तळ्याचा पलीकडचा काठ दिसत होता, अजून न खणलेला.

आम्हाला राहायला दिलं ते घर परगावी गेलेल्या एका कुटुंबाचं होतं. सकाळी हे तळ्यावर गेले आणि मी ठरवलं की या घरात काय कमी आहे ते शोधून काढायचं. कुणाला न विचारता, अर्थात. चूल होती. न्हाणीघर होतं, कडीसुद्धा होती. कपाट, टेबल, पायऱ्या, माळा, सगळं. मी हाताच्या वितीनं खिडक्या मोजल्या, दारं उघडून मिटून बघितली. घड्याळ टिकटिकत होतं. मला फार बरं वाटायला लागलं. या कुटुंबानं वस्तीला बरोबर गंडवलंय, पुरं घर बांधून घेतलंय आणि वर वस्तीत नावही राखलंय, अशा माणसांशी आपलं जमेल, असं वाटलं. मग केस विंचरायला घेतले आणि लक्षात आलं. आरसा नव्हता. हात्तिच्या. एवढंच? मी ताटाची पाठ घासून लखलखीत केली, ती खिडकीत टेकवली आणि भांग पाडला. ताटात माझं नाक परातीएवढं दिसत होतं, पण काम झालं. मला आई आठवली, अंधारात कांदा चिरणारी. तीही मला बघून खूश झाली असती. मी वाफ्यांतून हिंडले, धुण्याचं घर बघितलं, लोकांशी दोन शब्द बोलले, आणि सबंध वेळ मनात एक गाणं वाजत होतं की मला कुणाची गरज पडली नाही, पडली नाही.

दुपार कलली तेव्हा शेजारच्या मावशी आल्या. त्यांना वस्तीत बिनघड्याळ मावशी म्हणतात. दिवसभर खिडकीतून "किती वाजले रे" असं ओरडायचा त्यांचा हक्क आहे आणि उत्तर द्यायला निदान तीन घरांत चढाओढ लागते. सत्तरीच्या, ताठ, केस कापलेले आणि इतके नीट की हवेलाही तिथं जायची भीती वाटावी. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग म्हणाल्या, "आमचा आरसा चालला नाही का तुम्हाला?"

मला काही कळेना. मी म्हटलं, तसं नाही मावशी, मी ताटात बघून घेतलं, उगाच तुम्हाला त्रास कशाला. "त्रास," मावशी म्हणाल्या. हा शब्द त्यांनी तोंडात घोळवला आणि तो कच्चा निघाल्यासारखा चेहरा केला. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. शहरात त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दुकान मोडलं तेव्हा सगळं विकलं, एक आरसा तेवढा आणला, भिंतभर उंचीचा. तो वस्तीतला पहिला. या घरातल्या सुनेनं बांधतानाच सांगितलं होतं की माझ्या घरात आरसा नको, मी मावशींकडे येईन. ती रोज सकाळी येते, खुर्चीत बसते, मावशी भांग पाडून देतात, दोघींच्या गप्पा होतात. ती परगावी गेली तेव्हा सांगून गेली, पाहुण्या येणार आहेत, शहरातल्या आहेत, त्या येतील. म्हणून मावशींनी पहाटे उठून आरसा पुसला होता. खुर्चीवर धुतलेला टॉवेल घातला होता. आणि वाट बघत बसल्या होत्या. घड्याळ नाही, त्यामुळे किती वेळ ते त्यांना कळलं नाही. पण उशीर होतोय हे कळलं. मध्येच कुणाला वेळ विचारली, तर कळलं की जेवायची वेळ झाली. "मी म्हटलं, असेल बाई, शहरातल्या बायकांना पार्लरची सवय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच खाली बसलं.

मी त्यांच्या मागोमाग गेले. खुर्चीत बसले. टॉवेलला साबणाचा वास होता. आरसा खरोखरच मोठा होता, त्यात मी होते, मागं मावशी होत्या, त्यांच्यामागं खिडकी आणि खिडकीत तळ्याचा एक तुकडा. ताटामुळे माझा भांग नदीसारखा वाकडातिकडा गेला होता. सबंध दिवस मी तो घेऊन वस्तीभर मिरवले होते आणि एकाही माणसानं सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटत होतं की ते मावशींचं काम आहे. मावशींनी फणी पाण्यात बुडवली. त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकला तसे माझे डोळे मिटले, जसे जेवताना मिटतात. कुणीतरी आपलं डोकं हातात धरल्याला किती वर्षं झाली असतील, असा विचार मनात आला आणि मी तो घाईनं बाजूला सारला, तर त्याच्या मागं शेजारच्या काकू उभ्या. म्हणजे आमच्या त्या जुन्या घराशेजारच्या, स्टूलवाल्या. मी आजवर त्या गोष्टीत फक्त आमचाच अंधार बघितला होता. काकूंच्या बाजूनं ती कशी दिसत असेल हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. त्यांच्या खिडकीतून आमचं अंधारं स्वयंपाकघर दिसत असणार. भांड्यांचा आवाज येत असणार. त्यांनी कदाचित स्टूल पुसून दाराशी आणून ठेवलं असेल. येतील आत्ता, येतील आत्ता, असं म्हणत बसल्या असतील. आणि मग वडील फिरतीवरून आले, दिवा लागला, आणि काकूंनी स्टूल उचलून परत आत नेलं असेल. बिचारं स्टूल. मला एकाएकी इतकं हसू आलं की मावशींची फणी हलली. "हलू नका," त्या दटावून म्हणाल्या, "नाहीतर परत नदी होईल." मला वाटलं, आईला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, गप्प बस, काकूंना काय कामं नव्हती का. पण दुसऱ्या दिवशी तिनं वाटी पाठवली असती. रिकामी. बघू काय घालतात ते, म्हणून.

त्या संध्याकाळी हे तळ्याचा विषय टाळत राहिले, आणि ते यांना झेपत नाही हे मला माहीत होतं. सबंध वेळ मी मनातल्या मनात एकेक गोष्ट वगळून बघत होते. चूल? चूल वगळली तर जेवण दुसरीकडे, पण जेवायला बोलावलं की माणूस जातोच, त्यात जड ते काय. न्हाणीघर? तिथं जाताना टॉवेल खांद्यावर टाकला की माणूस लपतो. मला स्वतःची चलाखी कळत होती. मी अजून माळाच शोधत होते, फक्त वेगळ्या नावानं. शेवटी मी उलटं धरलं. काय वगळलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल? आणि उत्तर इतक्या लगेच आलं, जसं काही दाराआडच उभं होतं. धुणं. वाळत घातलेलं धुणं. शहरात आमचं धुणं कुणी बघितलेलं नाही. बाल्कनीला मी खास पडदा शिवलाय, त्याच्या आड दोऱ्या, आणि आतले कपडे त्याच्याही आड, चादरीखाली. यांचे भोकं पडलेले बनियन, माझे विरलेले परकर, उशीचे अभ्रे ज्यांच्यावर आमची डोकी इतकी वर्षं टेकली. पडदे लोकांसाठी शिवले, पण त्यामागं काय झाकायचं असतं हे मला आमच्या दोरीवरून कळलं होतं. विचार करतानाच माझे कान तापले. मग म्हटलं, हेच.

सकाळी सुताराकडे गेले. हे माझ्यामागं चार पावलं, कुणाच्या तरी निकालाला आल्यासारखे. मी म्हटलं, मागची पडवी वगळा. सुतारानं पहिल्यांदाच रंधा खाली ठेवला. पडवी वगळली तर कपडे कुठं वाळत घालणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तेच. त्यानं वस्तीकडे नजर फिरवली. आमच्या घराच्या पाठीला लागून मोकळं अंगण कुणाचं, तर मावशींचं. दोरी तिथं, ऊन तिथं, आणि रस्ताही तिथूनच जातो, सगळ्यांचा. "जा मग," तो म्हणाला. यांनी काही म्हणायला तोंड उघडलं. मी येऊ का बरोबर, असं असणार. मग यांचं यांनाच आठवलं की चालत नाही, आणि तोंड तसंच उघडं राहिलं, आणि मला वाटलं, या माणसाशी लग्न केलं ते बरंच झालं.

अंगण फार लांब नव्हतं. पण मला ते ओलांडताना खूप गोष्टी दिसल्या. कोबीच्या पानावर पाण्याचा थेंब. बिनकपाटे मास्तर कुणाच्या तरी खिडकीतून हात घालून पुस्तक काढत होते. माझे हात, त्यात काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. मापाची फीत तरी आणायला हवी होती. मावशी दारातच होत्या. त्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. वस्तीत घड्याळं कमी असतील, कान कमी नाहीत. पण त्यांनी मदत केली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मला कळलं की त्या मुद्दाम मदत करत नाहीयेत, आणि त्यांना ते जड जातंय.

मोठमोठ्या बंगल्यांतल्या बायकांशी मी पडद्याच्या अस्तरावरून वाद घातलाय. "मावशी," मी म्हटलं. मग थांबले. मग म्हटलं, "आमचे कपडे तुमच्या अंगणात वाळत घालू का? रोज?"

शब्द बाहेर गेले. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. मावशींनी विचार केल्यासारखं केलं. तेवढी मजा त्यांनी घेतलीच. "घाल की," त्या म्हणाल्या, आणि मला तेव्हा कळलं की कालचं 'तुम्ही' आज गेलं. "दोरी आहे, चिमटे आहेत. पण दोरीला मधे टेकू द्यायला बांबू लागतो, नाहीतर चादरी मातीत लोळतात. तो नाहीये माझ्याकडे."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? बिनचुल्यांकडून मागून आणते. त्या निळ्या दाराच्या. आज तू जा."

मी वळून बघितलं. निळं दार तळ्याच्या पार त्या टोकाला होतं, आणि तिथवर जायचं म्हणजे सगळ्या वस्तीसमोरून. सुताराच्या बाजूनं रंधा पुन्हा चालायला लागला होता. मी पदर खोचला आणि निघाले. वाटेत एका खिडकीतून कुणीतरी विचारलं, कुठं निघालात, आणि मी न थांबता, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, बांबू मागायला.